लिहिण्यासाठी सुट्टी घेतली, तर घर कोण चालवतं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अकरा वर्षं नोकरी केली, मग लिहिण्यासाठी एक वर्ष थांबलो. संयोजकांनी मला 'साधं जगणं आणि लेखन' हा विषय दिलाय. मी आज बोलणार आहे हिशोबाबद्दल.

आपल्या घरांत हा प्रश्न आधी पैशाचाच असतो. घरातला पहिला शिकलेला मुलगा, त्याच्यावर बहिणीचं लग्न, भावाची फी, घराचा हप्ता. तो म्हणाला, 'नोकरी सोडून लिहितो', की अम्मी विचारते, "तबियत तो ठीक है ना?"

म्हणून आधी वही घेऊन बसलो. वाकडचं दोन बेडरूमचं घर सोडून कोंढव्यात लहान घर घेतलं. गाडी विकली. आमचा महिन्याचा खर्च 60 हजारांवरून 36 हजारांवर आला. कर्ज आधीच फेडलं. पीएफला हात लावला नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून राजीनाम्याआधीच घरच्यांचा विमा काढला. अब्बांना शुगर आहे आणि जुन्या आजारांना नव्या पॉलिसीत थांबावं लागतं. पुढची नोकरी मिळायला लागणारे तीन महिनेही बचतीत धरले.

आता त्या 36 हजारांतला महत्त्वाचा आकडा सांगतो. माझी पत्नी शिक्षिका आहे. 20 हजार तिच्या पगारातून जात होते, 16 हजार माझ्या बचतीतून. म्हणजे माझ्या लेखनाचं वर्ष निम्म्याहून जास्त तिनं विकत घेतलं होतं. लोक मात्र माझं कौतुक करत होते : "काय धाडस केलंस!"

म्हणून राजीनाम्याआधीच आमचं ठरलं होतं. डबे, मुलीची शाळा, अब्बांचा दवाखाना माझ्याकडे. लिहायचं सकाळी साडेआठ ते साडेबारा, तेवढंच. आणि पुढचं वर्ष तिचं. तिला पुढे शिकायचंय. तेव्हा घर माझ्या पगारावर चालेल.

आपण हमीद दलवाईंचं नाव अभिमानानं घेतो. 1965 ची 'इंधन' कादंबरी, 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ, आणि 1977 मध्ये पंचेचाळिशीच्या आत मृत्यू. एवढ्या थोड्या वर्षांत एवढं काम झालं, तेव्हा नोकरी करून घर मेहरुन्निसा दलवाई सांभाळत होत्या. पुढे मंडळाच्या कामातही त्या राहिल्या. त्यांचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र आहे. दलवाईंची पुस्तकं वाचलीत, तर हेही वाचा. लेखक आणि कार्यकर्त्याच्या साधेपणामागे घरात कोण राबतं, ते त्यातून समजतं.

साधं राहणं चांगलंच. पण एकाच्या साधेपणासाठी दुसरीनं दुप्पट राबायचं असेल, तर तिला आधी विचारलं पाहिजे. आपण जाहीर सभेत समतेवर बोलतो. तिची परीक्षा स्वयंपाकघरात होते.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी हा प्रश्न उलटा ठेवतो. आपल्या किती घरांत मुलगी म्हणू शकते, "एक वर्ष मी लिहिणार, घर तू बघ"? लग्नाच्या बोलणीत मेहेर ठरते, जेवणावळ ठरते. तिच्या शिक्षणाचं, कामाचं, वेळेचंही तिथेच ठरवून घ्या.

आणि लिहायचं कशासाठी? मराठी कथेत आपण बहुधा ईदच्या शीरखुर्म्यापुरते येतो, नाहीतर दंगलीपुरते. गॅरेजवाला मामू, नर्सिंग शिकणारी आपा, घरात दखनी आणि बाहेर मराठी बोलणारं पोर, यांचं रोजचं जगणं कोण लिहिणार? ते आपल्यालाच ठाऊक आहे. माझ्या वर्षात नऊ कथा झाल्या. त्यातल्या चार बऱ्या आहेत.

वर्षभराची सुट्टी सगळ्यांना जमणार नाही, जमलीच पाहिजे असंही नाही. रविवारचे दोन तास मागा. पण मागताना घरातल्या दुसऱ्या माणसाचे दोन तास कोणते, तेही त्याच वहीत लिहा.