परदेशी सहलीची पूर्वतयारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सहल समितीच्या वतीने केलेले भाषण)



मंडळातील काही कुटुंबांचा येत्या वर्षी पुन्हा एकदा परदेशी जाण्याचा विचार आहे. मागील सहलीत आम्हांस जे अनुभव आले ते त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. बॅगेत काय भरावे एवढेच सांगायचे असते, तर एक यादी मंडळाच्या फळ्यावर लावून काम भागले असते. परंतु बॅग भरणे हा पूर्वतयारीचा सर्वांत सोपा भाग आहे, हे आम्ही थोडी ठेच लागल्यावर शिकलो. म्हणून आज यादीबरोबर त्या ठेचेचीही हकिकत सांगणार आहोत.

आपण भिलाईकर मराठी माणसे प्रवासाला नवखी नाही. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या सुमारास आणि त्यानंतर आपल्यापैकी कित्येकांचे वडील पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन दुर्ग स्थानकावर उतरले. पुढे दर मे महिन्यात मुलाबाळांसह गावाकडे जाणे आणि जूनमध्ये लोणच्याच्या बरण्या सांभाळीत परतणे, हा आपला नेम झाला. त्या प्रवासाची तयारी आपल्या आया डोळे मिटून करीत. मात्र त्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असे. गाडी चुकली, ताप आला, पैसे संपले, तरी सावरणारे घर होते. परदेशी सहलीत असे घर नसते. बरोबर निघालेली मंडळी हेच तेथले घर. तेव्हा ते घर निघण्यापूर्वी बांधावे लागते, आणि आमच्या मते पूर्वतयारी म्हणतात ती हीच.

आता ठेचेची हकिकत. २०१७ साली आपली काही कुटुंबे एका मोठ्या सहलीबरोबर सिंगापूर-मलेशियास गेली होती. बसमध्ये ४० प्रवासी, पुढे झेंडा घेतलेला मार्गदर्शक, आणि घड्याळाच्या काट्यावर चाललेली धावपळ. आपल्यातीलच एक ज्येष्ठ स्नेही सपत्नीक आले होते. त्यांना आपण सारे नाना म्हणतो, आणि त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहोत. नाना इन्शुलिन घेत असत. ही गोष्ट त्यांनी कोणासही सांगितली नव्हती, वहिनींनाही गप्प राहावयास बजावले होते. इन्शुलिन मोठ्या बॅगेत ठेवलेले, आणि ती बॅग मधल्या विमानतळावरच राहून गेली. नाना दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नीट शुद्ध राहिली नाही. दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. प्रवासविम्याच्या अर्जावर पूर्वीच्या आजारापुढे ‘नाही’ असे लिहिले होते, त्यामुळे विम्याचे पैसेही मिळाले नाहीत, आणि त्यात विमा कंपनीस दोष देता येत नाही.

नाना बरे झाले. परत आल्यावर आमच्यापैकी एकाने त्यांना थोडे रागानेच विचारले, “नाना, आधी सांगितले का नाहीत?” नाना शांतपणे म्हणाले, “सांगितले असते, तर तुम्ही मला नेले असते का?”

या प्रश्नाला आम्हांपैकी कोणापाशीही प्रामाणिक उत्तर नव्हते. कदाचित नेले नसते. नानांनी आजार लपविला, ही त्यांची चूक खरीच. पण तो सांगता येईल अशी जागा आम्ही ठेवली नव्हती, ही आमची.

पुढे २०२४ च्या जानेवारीत कंबोडियातील अंगकोर पाहण्याचे ठरले, तेव्हा नानांचा प्रश्न समोर ठेवूनच आम्ही तयारीला लागलो. पहिला निर्णय संख्येचा. १४ जणच जायचे. म्हणजे ७ खोल्या, एक लहान बस आणि एकच मार्गदर्शक. अशा लहान सहलीत माणशी खर्च अधिक येतो, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु ४० जणांची बस एकासाठी थांबत नाही, १४ जणांची थांबू शकते. सहल कंपनी निवडताना आम्ही प्रत्येकीकडून काही गोष्टी लेखी मागितल्या : दरात प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे मानधन आणि दुपारचे जेवण धरले आहे की नाही, एखाद्यास ऐनवेळी रद्द करावे लागल्यास किती पैसे परत मिळणार, आणि कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कोणाचा. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जिने दिले, तिलाच आम्ही काम दिले.

सहा महिने आधी आम्ही सर्वांचे पासपोर्ट एका टेबलावर मांडले. प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिन्यांची मुदत हवी आणि कोरी पाने हवीत. आपल्या नावांचा घोळ तर ठरलेलाच. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, यांपैकी काय कोठे छापले आहे ते प्रत्येकाने पाहावे. एका भगिनीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव होते आणि तिकीट सासरच्या आडनावाने निघणार होते. वेळीच ध्यानात आले म्हणून बरे. व्हिसा इंटरनेटवरून मिळतो, पण सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी खासगी स्थळे पुष्कळ आहेत. पत्ता नीट तपासावा. तसेच परराष्ट्र मंत्रालयाची सूचना निघण्यापूर्वी अवश्य वाचावी. २०२५ साली थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लढाई झाली. आम्ही बँकॉकमार्गे गेलो होतो म्हणून येणाऱ्यांनी डोळे झाकून तोच मार्ग धरावा, असे नाही.

पैशांविषयी थोडेसे. तेथे रिएल हे स्थानिक चलन आणि अमेरिकी डॉलर अशी दोन्ही चालतात. एका डॉलरला सुमारे ४,००० रिएल. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्यात. जरा फाटलेली नोट दुकानदार मागे सारतो. अंगकोरच्या तिकिटावर आपले छायाचित्र असते. २०१७ पासून एका दिवसाचे ३७ आणि तीन दिवसांचे ६२ डॉलर असे दर झाले. तेथील मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, तेव्हा आपल्या साड्या व पंजाबी पोशाख यांची कोठेच अडचण झाली नाही.

औषधांचा नियम आम्ही नानांच्या नावानेच केला. रोजची औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि काही दिवसांचा जादा साठा सोबत्याच्या पिशवीत. विम्याच्या अर्जावर खरे तेच लिहायचे, हप्ता वाढला तरी. शिवाय प्रत्येकाने आपले आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून तो बंद पाकिटात समितीकडे दिला. पाकीट गरज पडल्याखेरीज उघडायचे नाही, असा शब्द होता. परंतु गंमत अशी की, पाकिटे जमा झाल्यावर त्याच बैठकीत एकेक जण आपण होऊन बोलू लागला. कोणाचा रक्तदाब, कोणाची पाठ, कोणाला रात्री झोपेत चालण्याची सवय! नानांनी सुरुवात केली, हे वेगळे सांगावयास नको.

चालण्याचा सराव मैत्री बागेच्या रस्त्यावर दोन महिने केला. मग पायऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी सारे डोंगरगडला गेलो. बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या आहेत. आपल्या काकू दोनशे पायऱ्यांवर बसल्या आणि गुडघे धरून म्हणाल्या, “मला वगळा. तुमचा खोळंबा नको.”

खरी परीक्षा ती होती. पुढच्या बैठकीत एका सभासदांनी स्पष्टच विचारले, “पैसे सर्वांनी सारखेच भरले आहेत. एकासाठी बाकीच्यांनी कमी का पाहावे?” प्रश्न कटू होता, पण गैर नव्हता. दोन तास चर्चा झाली. अखेर ठरले ते असे : काकू येणार. दुपारी बारा ते तीन सर्वांनाच विश्रांती. रोजच्या कार्यक्रमातून एक स्थळ कमी. जेथे काकूंना चढता येणार नाही, तेथे पाळीपाळीने एक जण त्यांच्यापाशी थांबणार. हा वाद भिलाईत झाला म्हणून बरे. तोच परमुलखात भर उन्हात झाला असता, तर सहल तेथेच मोडली असती.

मंडळाच्या ग्रंथालयात चार संध्याकाळ वाचनही झाले. अंगकोर वाट हे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधलेले, पुढे बौद्ध झालेले, पश्चिमाभिमुख मंदिर. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने तेथे जतनाचे काम केले आहे. तेथील भिंतींवर कुरुक्षेत्र आहे, लंकेचे युद्ध आहे, सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. कथा आपल्या घरच्या. पण चेहरे, वस्त्रे आणि शस्त्रे त्यांची. ‘हे तर आपलेच’ असे म्हणत फिरायचे नाही, असेही आम्ही आपसात ठरविले. त्याच वाचनात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीचा काळ आला. त्या चार वर्षांत लक्षावधी माणसे उपासमारीने, श्रमाने आणि हत्याकांडात गेली. “घरी कोण कोण असतं?” हा आपला अगदी सहज प्रश्न. तेथे पन्नाशीच्या माणसास तो विचारण्यापूर्वी थांबावे. आमचे मार्गदर्शक त्याच वयाचे होते. आम्ही विचारले नाही. संक्रांतीच्या दिवशी वहिनींनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते आपण होऊनच आपल्या वडिलांविषयी थोडे बोलले. ते येथे सांगणार नाही. त्यांनी आम्हांस सांगितले, एवढे पुरे.

जेवणाचे सांगावयाचे राहिले. तेथील पुष्कळ पदार्थांत माशाचा रस किंवा आंबवलेले मासे असतात. भाजी मागितली तरी ते असू शकतात. शाकाहारी मंडळींनी ‘मांस, मासे आणि माशाचा रस नको’ असे ख्मेर लिपीत लिहून घेतलेले कार्ड जवळ बाळगावे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या न्याव्यात. संपूर्ण स्वयंपाकघर नेऊ नये.

अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे. आम्ही वर गेलो. काकू खाली समुद्रमंथनासमोर बसल्या, आणि त्यांच्याजवळ थांबण्याची पाळी होती बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदांची. तासाभराने आम्ही घामाघूम होऊन उतरलो, तो काकू आम्हांलाच भिंत समजावून देऊ लागल्या. वासुकीला ओढणाऱ्या देवांचे आणि असुरांचे चेहरे कसे वेगळे, मधोमध विष्णू, खाली कूर्म, पाण्यातले मासे मंथनाने कसे विस्कटलेले. हे आम्ही मघाशी दोन मिनिटांत ओलांडून गेलो होतो.

मात्र हिशेब पुरा सांगितला पाहिजे. इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले, गुलाबी दगडातील बांते श्रेई हे मंदिर त्या कमी केलेल्या स्थळांत गेले. त्या सभासदांना त्याची रुखरुख आजही आहे, आणि ती रास्त आहे. सर्वांना बरोबर न्यायचे, तर काहीतरी मागे ठेवावे लागते. काय मागे ठेवायचे हे निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरविणे, एवढेच आपल्या हाती असते.

येत्या वर्षी जाणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच. यादी समितीकडे आहे, ती जरूर घ्यावी. पण पहिल्या बैठकीत प्रत्येकास निर्भयपणे आपले दुखणे सांगता येईल, असे करावे. या मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबाला गेली ५० वर्षे आपण विचारीत आलो आहोत, ‘काही अडचण आहे का?’ तोच प्रश्न सहलीलाही न्यावा. नानांनी नाव नोंदविले आहे, हेही जाता जाता सांगतो.