पान उलटून पाहा



संत्र्याच्या नवतीवर पक्ष्याची विष्ठा पडावी तसा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. ती लिंबू फुलपाखराची लहान अळी. मोठेपणी ती हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडते. रोपवाटिकेत ती पानं फस्त करते, म्हणून आपण धावतो. धावायलाच हवं. पण ती दिसते, हातानं वेचता येते. मला काळजी आहे ती कपाशीवरच्या तुडतुड्याची.

उंदीर पोतं कुरतडतो तेव्हा भोक दिसतं, दाणे सांडतात. अळीचं तसंच. तुडतुडा मात्र अडत्याच्या परखीसारखा. सोंड टोचली, माल ओढला. पोतं शिवलेलं ते शिवलेलंच. अशा शेकडो परख्या रोज लागल्या तर पोत्यात काय उरेल? आणि परखी निदान आत काही सोडत नाही, हा विषारी लाळ सोडतो. मग पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळतात, लाल होतात आणि आपण म्हणतो, खत कमी पडलं. वर युरिया टाकतो! कोवळी लुसलुशीत पानं तुडतुड्याला हवीच असतात.

म्हणून पान उलटून पाहा. शिरांजवळ फिकट हिरवी पिल्लं तिरपी पळताना दिसतील.

फुलपाखरू कोषातून निघालं की फुलातला मध पितं, पान खात नाही. तुडतुड्याला कोषच नाही. पिल्लू आणि मोठा, दोघंही त्याच पानाचा रस ओढतात. त्यामुळे थोडं थांबू, आपोआप कमी होईल, ही आशा सोडा.

अजून ऐकतो, ‘बीटी लावलंय, आता कसली कीड?’ बाबांनो, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती बोंडअळ्यांसाठी. तुडतुड्याला बीटीचं काहीच वाटत नाही. पुन्हा सांगतो, काहीच नाही. पण म्हणून सरसकट फवारत सुटू नका. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची पानं उलटा, मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे भरले, तरच पंप पाठीला लावा. त्याआधी नाही.

लव असलेल्या पानांच्या वाणावर तुडतुडा कमी का बसतो, तेही सांगायचं होतं, पण वेळ संपत आलीय. बियाणं घेताना तेवढं विचारा, आणि उद्या सकाळी पान उलटायला विसरू नका.