धुराची गाळणी



ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहें, ती आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं डोळ्यांनीं पाहिली असेल. डिझेलवर चालणाऱ्या नव्या गाडीच्या पोटाखालीं, पत्र्याच्या एका जाड डब्यांत ती बंद असते. वर्कशॉपमधील मंडळी तिला 'डीपीएफ' म्हणतात. मी तिला धुराची गाळणी म्हणेन. आपल्या घरीं येणारी भाजी ज्या पिकअप गाड्यांतून शहरभर वांटली जाते, त्यांच्या मालकांची झोंप अलीकडे या गाळणीनें उडविली आहे. आणि जी काजळी ती अडवून धरते, ती तिनें अडविली नसती तर तुमच्या-माझ्या छातींत शिरणार होती. म्हणून हा विषय केवळ गाडीवाल्यांचा नव्हे.

माझ्या पुतण्यानें गेल्या वर्षीं कर्ज काढून एक नवी पिकअप घेतली. पहांटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत माल भरावयाचा व तो सदाशिव पेठ, नारायण पेठ, कोथरूड येथील दुकानदारांना पोंचवावयाचा, हा त्याचा धंदा. प्रत्येक दुकानापुढें गाडी उभी राही, पण इंजिन चालूच असे. आठव्या महिन्यांत मीटरवर एक पिवळा दिवा लागला. गाडी धांवत होती, म्हणून त्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं. पंधरा दिवसांनीं दुसरा दिवा लागला. आणि एके दिवशीं टिळक रस्त्यावर, भरल्या मालानिशीं, इंजिनाचा जोरच गेला. पाय कितीहि दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीवर येईना. कोथिंबीर सुकली, दुकानदार रागावले, आणि बँकेच्या हप्त्याची तारीख दोन दिवसांवर आलेली.

वर्कशॉपमध्यें सांगण्यांत आलें कीं, गाळणी चोंदली आहे. संगणक जोडून एकदां साफ करून पाहूं. तेवढ्यानें भागलें नाहीं तर नवी बसवावी लागेल व तिला साठ हजारांच्या वर पडतील. आणि गाडी चालविण्याची रीत चुकली असल्यामुळें हा खर्च हमींत बसत नाहीं. त्याच सायंकाळीं त्याला एक हितचिंतक भेटला. पंधरा हजारांत गाळणी कापून काढतों, गाडीच्या संगणकालाहि तशी समजूत घालून देतों, पुन्हां जन्मांत दिवा लागणार नाहीं, असें त्याचें आश्वासन. पुतण्या माझ्याकडे आला तो याच कामासाठीं. म्हणाला, "काका, पंधरा हजार द्या. तीन महिन्यांत फेडतों."

मीं अगोदर गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक मागितलें. तें प्लॅस्टिकच्या पिशवींतून अद्यापि बाहेरहि निघालें नव्हतें. वर्षअखेर माझ्या कांहीं विद्यार्थ्यांचीं पुस्तकें अशींच नवीं कोरीं असत, त्याची मला आठवण झाली. दोन रात्री बसून मीं तें वाचलें, आणखीहि कांहीं वाचून काढलें, व जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक चिनी मातीच्या जातीचा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्यांत शेंकडों बारीक नळ्या आहेत. पण एक नळी पुढून उघडी व मागून बंद, तर तिच्या शेजारची पुढून बंद व मागून उघडी. धूर उघड्या तोंडानें आंत शिरतो; पुढें वाट नसल्यामुळें सच्छिद्र भिंतींतून झिरपून शेजारच्या नळींत जातो व तेथून बाहेर पडतो. काजळी मात्र अलीकडेच अडकते. अर्थात् ही गाळणी आज ना उद्यां भरणारच. ती काढून धुण्याऐवजीं आंतल्या आंत काजळी जाळून टाकावयाची, अशी योजना तिच्यांत केलेली आहे, आणि सारा घोटाळा येथेंच आहे.

काजळी जळण्याला उष्णता लागते. गाडी ओझें घेऊन हमरस्त्यानें एकसारखी धांवत असेल, तर धूर अडीचशें ते चारशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो व त्यांतीलच नायट्रोजन डाय-ऑक्साइड वायूच्या साहाय्यानें काजळी हळूहळू जळत राहते. मालकाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. पण पेठांतून दोन-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीचा धूर तितका तापतच नाहीं. मग गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारें एक उपकरण इंजिनाला इषारा देतें. इंजिन नेहमींच्या वेळेनंतर थोडें जास्त डिझेल सोडतें. तें गाळणीच्या अलीकडे बसविलेल्या एका निराळ्या भांड्यांत जळतें आणि उष्णमान सहाशें अंशांच्या आसपास जातें. या कामाला दहा ते पंचवीस मिनिटें लागतात. त्या वेळीं पंखा जोरानें फिरतो, इंजिनाचा आवाज किंचित् बदलतो, गाडीखालून तापल्याचा वास येतो. आमच्या चिरंजीवांना वाटे, गाडी तापली; आणि ते मोठ्या काळजीनें ती बंद करीत! म्हणजे शेगडी पेटत आली कीं तींत पाणी ओतावयाचें, असाच तो प्रकार. हें रोज घडल्यावर गाळणी चोंदेल नाहीं तर काय होईल? शिवाय अर्धवट राहिलेलें तें जास्तीचें डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलांत उतरतें, ऑइल पातळ होतें व त्याची पातळी वाढते. ऑइल वाढलेलें पाहून आनंद मानणारे मालक मीं पाहिले आहेत.

ऑइलाचीहि एक गोष्ट आहे. काजळी जळते, पण ऑइलांतील क्षारांची राख जळत नाहीं. ती गाळणींत कायमची सांचते. म्हणून कमी राखेचें, पुस्तकांत लिहिलेल्या दर्जाचेंच ऑइल घालावें लागतें. शंभर रुपये स्वस्त मिळालें म्हणून कोणतेंहि घालून चालत नाहीं.

आतां ती कापून कां टाकूं नये? १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. चौथ्या पायरीवरून आपण पांचवी गाळून एकदम सहावी गांठली. डिझेलमधील गंधकाचें प्रमाणहि दशलक्ष भागांत ५० होतें तें १० वर आणलें. त्या वेळेपासून डिझेलच्या नव्या गाड्यांना ही गाळणी आली. ती काढणें म्हणजे मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध गाडींत फेरफार करणें होय. पण कायद्याची भीति घालून पुतण्याचें मन वळलें नसतें. मीं त्याला निराळें सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर हा मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणला. त्यांतील कण अडीच मायक्रॉनांहूनहि बारीक, म्हणजे केंसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून लहान. ते डोळ्यांना दिसत नाहींत, नाकांत अडकत नाहींत. "आणि दिवसांतून दहा तास त्या गाडीच्या मागें उभा राहून क्रेट उतरविणारा कोण?" असें मीं विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्याबरोबर त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा असतो.

पैसे मीं दिले, पण वर्कशॉपसाठीं. संगणकानें सफाई झाली, ऑइल बदललें आणि गाळणी वांचली. आणखी दोन आठवडे गेले असते तर वांचली नसती, असें तेथील मिस्त्री म्हणाला.

तथापि सर्व दोष पुतण्याच्या पदरीं बांधणें मला न्याय्य वाटत नाहीं. गाडी विकतांना हप्ता किती, व्याज किती, रंग कोणता, हें सारें विचारण्यांत आलें. दिवसांतून किती किलोमीटर व किती थांबे, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. ज्याचें सारें काम पेठांतच आहे, त्याला सी.एन.जी. वर चालणारी पिकअप घेण्याचा सल्ला देणें हें विकणाराचें कर्तव्य होतें. हें मीं एका पत्रानें कळविलें आहे. उत्तर अद्यापि आलेलें नाहीं.

आतां दर रविवारीं तो गाडी घेऊन कात्रजच्या बोगद्यांतून सातारा रस्त्यानें खेड-शिवापूरच्या दिशेनें जातो व अर्धा तास एकसारखी गति ठेवून परततो. डिझेल जातें, म्हणून कुरकुरतो. पण येतांना तिकडून स्वस्त कांदे आणतो. परवां दुपारीं त्याचा फोन आला. नारायण पेठेंत शेवटचा माल उतरवून झाला होता आणि पंखा जोरानें फिरत होता. "काका, बंद करूं का?" मीं सांगितलें, मुळींच नको, नदीपलीकडे एक मोठी फेरी मार, आणि पंखा थांबला कीं घरीं जेवावयास जा.