सैनिकी पेशा व राज्यघटनेचे ज्ञान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून शिक्षणविषयक चार शब्द सांगण्यास आम्ही उभे आहोत. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांतील काही तरुण सैन्यभरतीच्या खटपटीत आहेत. धावण्याचा सराव ते पहाटे मैदानावर करतात. परंतु ज्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ त्यांना घ्यावयाची आहे, तिचा परिचय त्यांना कोण करून देतो?

इंग्रजी अमदानीत शिपायाची निष्ठा राजाशी बांधलेली असे. २६ जानेवारी १९५० रोजी आपली घटना अमलात आली. आजचा जवान कायद्याने प्रस्थापित झालेल्या या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची, आणि राष्ट्रपतींच्या व वरिष्ठांच्या आज्ञा प्राणावर बेतले तरी पाळण्याची शपथ घेतो. घटनेच्या ५३ व्या कलमान्वये संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्याचा वापरही कायद्यानेच नियंत्रित होतो. म्हणजे आज्ञा देणारा व ती पाळणारा, दोघेही कायद्याच्या अधीन आहेत.

दुसरी गोष्ट त्यागाची. ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. त्यास अनुसरून १९५० च्या लष्कर कायद्याचे २१ वे कलम संघटना करणे, राजकीय सभांत भाग घेणे, वृत्तपत्रांत लिहिणे यांवर निर्बंध घालू देते. शस्त्रधारी मनुष्य पक्षोपपक्षांत ओढला गेला तर लोकशाही धोक्यात येते, हे त्यामागील कारण होय. कारण उमगले म्हणजे बंधन जाचत नाही. मात्र सारेच हक्क जात नाहीत. मतदानाचा हक्क राहतो व तो टपालाने बजावता येतो. अन्याय झाल्यास वरिष्ठांकडे रीतसर तक्रार करता येते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणही स्थापन झाले असून त्याचे एक पीठ आपल्या मुंबईतच आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये या शहरात दंगली उसळल्या, तेव्हा सैन्यास पाचारण करावे लागले. अशा वेळी जवानासमोर शत्रू नसतो, स्वदेशीय नागरिक असतात. जमाव पांगविण्यास लागेल तेवढेच कमीत कमी बळ वापरावे, असे कायदा सांगतो. धर्म, जात पाहून भेदभाव करू नये, ही घटनेच्या १५ व्या कलमाची शिकवण त्या क्षणी ज्याच्या मनात मुरलेली असेल, तोच खरा सैनिक. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते.

२०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांच्या मुलासही भरती होता येते. मताधिकार तर अठराव्या वर्षी मिळतो! अशा अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. आपण कशावर सही करीत आहोत, हे पालकांनी जाणावयास नको काय? शिवाय त्या योजनेप्रमाणे चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होणार. उरलेले ऐन तारुण्यात घरी परतणार. तेव्हा बाजूस ठेवलेले हक्क पुन्हा हाती येतील. त्यांचा उपयोग कसा करावा, हे आधी शिकलेले असेल तरच सुचेल.

यास्तव आमची सूचना अशी. मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत चार संध्याकाळी घटनेचा वर्ग चालवावा. पहिल्या दिवशी उद्देशिका, दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्क, तिसऱ्या दिवशी ३३ वे कलम व लष्कर कायदा, आणि चौथ्या दिवशी १९७६ साली घटनेत समाविष्ट झालेली मूलभूत कर्तव्ये. कलमे पाठ करून घेऊ नयेत. शिकलेले मुलाने घरी आईस स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावे, हीच परीक्षा. पालकांनीही वर्गास बसावे. शिकविण्याचे काम आम्ही आनंदाने करू.