शिष्यवृत्तीचें पुढें काय झालें?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी सभेंतील भाषण)



शिष्यवृत्ति देणाऱ्या संस्थांच्या अहवालांत एक ठराविक पान असतें. अमका वकील झाला, अमकी डॉक्टर झाली, अमका विलायतेस गेला. तें वाचून आपणांस आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु त्या पानावर जें येत नाहीं त्याविषयीं आज बोलावयाचें आहे. त्याकरितां सर्वांच्या परिचयाच्या एका शिष्यवृत्तीची हकीकत मीं निवडली आहे.

बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं, अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांस एल्फिन्स्टन कॉलेजांत असतां दरमहा २५ रुपये दिले. पुढें १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. अट एवढीच, कीं परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी. भीमरावांनीं करारावर सही केली व न्यूयॉर्क गांठलें. १९१५ सालीं ते एम्. ए. झाले, पुढल्या वर्षीं लंडनास गेले, आणि १९१७ सालीं मुदत संपतांच कराराप्रमाणें बडोद्यास रुजू झाले.

येथवर सारें अहवालास शोभेल असेंच घडलें. पुढची हकीकत त्यांनीं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेविली आहे. राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नांव सांगून ते एका पारशी उतारगृहांत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेली मंडळी दारांत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत चालते व्हा, अशी ताकीद मिळाली. दोन मित्रांकडे त्यांनीं आसरा मागितला. हिंदु मित्र म्हणाला, माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पतिपत्नी मूळचीं ब्राह्मण. उद्यां पत्नी येईल, तिला विचारून सांगतों, असें म्हणून त्यानें वेळ मारून नेली. बंधूंनो, या ठिकाणीं मला घाईनें पुढें जातां येत नाहीं. त्या घरांत बाप्तिस्मा आला होता, पण जात उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. रात्रीं नऊची गाडी येईपर्यंतचे पांच तास आंबेडकरांनीं कमाटी बागेंत काढले.

महाराजांच्या खजिन्यानें पैशांत कसूर केली नव्हती. गांवानें खोली दिली नाहीं, इतकेंच. दहा वर्षांचा करार दिवसांवर आटोपला. हिशेबनीसाच्या वहींत ही शिष्यवृत्ति बुडीतच धरावी लागेल.

(टाटांच्या १८९२ सालच्या निधीची गोष्ट निराळी. ती शिष्यवृत्ति कर्जाऊ. घेणाऱ्यानें फेडावी, कीं ती दुसऱ्यास जाते. तिच्या आधारें लंडनास शिकलेले के. आर. नारायणन् १९९७ सालीं राष्ट्रपति झाले. तेथें हिशेब सोपा.)

पण बडोद्याची ती रक्कम कोठें उगवली पाहा. आंबेडकर मुंबईस प्राध्यापक झाले. पदरची बचत, शाहू महाराजांचें साह्य व एका मित्राचें कर्ज यांवर १९२० सालीं पुन्हा लंडनास जाऊन १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. ते व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खात्याचे सभासद असतां, १९४४ सालीं अस्पृश्य वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरच्या सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्या अद्यापि चालू आहेत. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज निघालें. राज्यघटनेचें कार्य तर शाळेंतलें मूलही जाणतें.

आपल्या निधींतून यंदा ज्यांस फी मिळाली, त्यांपैकीं कांहीं मुलेंमुली मुंबईस व पुण्यास जाणार आहेत. त्या शहरांत आपल्यापैकीं अनेकांचीं घरें आहेत, नातलग आहेत. ज्यांस एखादी खोली, निदान पहिल्या महिन्यापुरता कोपरा देतां येईल, त्यांनीं सभा संपतांच चिटणिसांकडे आपलें नांव द्यावें. वही दाराजवळच्या टेबलावर ठेविली आहे. विद्यार्थ्याची जात तींत लिहिलेली नाहीं.