स्वस्त सहलीचा खरा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही संपावर किंवा बोनसवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तो सहलीचा. चालक थोडे चपापले. युनियनचा माणूस आणि सहल यांचा काय संबंध, असे त्यांना वाटले असेल, आणि आपल्यापैकी अनेकांनाही वाटत असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचे काही आमच्याकडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नये. जे पाहिले आणि केले तेवढेच सांगणार आहोत.

सहलीचा आणि युनियनचा संबंध जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, पोहे करतो, मुलांना घेऊन बाहेर पडतो. तो रविवार कोणी आयता दिलेला नाही. फ्रान्स देशात १९३६ साली मोठे संप झाले आणि तेथील कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षी सरकारने कामगारांसाठी आगगाडीची सवलतीची तिकिटे काढली आणि हजारो कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा कामगाराच्या पदरात टाकली. आणि आपल्या राज्यघटनेचे त्रेचाळीसावे कलम उघडून पाहा. त्यात निर्वाहापुरत्या वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग, हे शब्द आहेत. घटनाकारांना फुरसत ही चैन वाटली नाही. ती भाकरीच्या पंक्तीला बसवावी असे त्यांना वाटले.

परंतु हक्क मिळाला म्हणजे तो भोगता येतोच असे नाही. रजा असते, पैसा नसतो. आमच्या सोबत्यांची रजा बहुधा लग्नात, आजारपणात आणि गावच्या पडक्या घराच्या डागडुजीत संपते. जाहिरातीतल्या सहलींचे आकडे वाचून माणूस वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. म्हणून सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही काही सोबत्यांनी ठरविले की वर्षातून एकदा तरी सर्वांनी कुटुंबासह, जवळच्या ठिकाणी आणि झेपेल एवढ्याच पैशांत जायचे. पहिले ठिकाण निवडले ते जव्हार.

जव्हार आज पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाला, त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. दीड हजार फुटांच्या आसपास उंचीवरचे हे गाव. लोक त्याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. महाबळेश्वराशी तुलना करण्याचे कारण आम्हांला कधीच पटले नाही. जव्हारला जव्हारचे म्हणून पुष्कळ आहे. मुकण्यांचे हे संस्थान, महादेव कोळी समाजाच्या राजांचे. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवरही निवडून गेले. त्यांचा जयविलास राजवाडा टेकडीवर झाडीत उभा आहे. गावाजवळच शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला जाताना येथे उतरले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी तेथली परंपरा सांगते. हनुमान पॉइंटवरून दरी दिसते. सूर्यास्त पाहायला दुसरी जागा आहे. या कशालाही फारसा पैसा पडत नाही.

एका दिवसाच्या अंतरावर दाभोसाचा धबधबा आहे. लेंढी नदी तेथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. काळमांडवीचा धबधबाही पाहण्यासारखा आहे, पण तेथे एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. जुलै २०२० मध्ये त्या पाण्यात पाच तरुण बुडून गेले. पावसाळ्यातले पाणी पाहायचे ते काठावरून. गावकरी जेथे उतरू नका म्हणतात, तेथे उतरण्यात कोणतेही शौर्य नाही.

मोखाड्याला जायचे तर नाशिककडून त्र्यंबकमार्गे वाट आहे. मुंबईकडच्या लोकांना त्याहून स्वस्त वाट म्हणजे लोकलने कसाऱ्यापर्यंत आणि तेथून विहीगाववरून खोडाळ्याला. वाटेत विहीगावचा धबधबा लागतो. खोडाळ्याजवळ देवबांधचा गणपती आहे आणि सूर्यमाळचे थंड पठार आहे. होळीच्या सुमारास गेलात तर मोखाड्याचा बोहाडा पाहा. रात्रभर देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे निघतात, संबळ वाजत असतो, आणि मुखवट्यामागचा माणूस तुमच्या-आमच्यासारखाच दिवसभर राबलेला असतो. तिकीट नाही, खुर्ची नाही. रस्त्याच्या कडेला बसायचे आणि पाहायचे.

प्रवास एस.टी.ने करावा असे आमचे मत आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या वडीलधाऱ्यांना फुकट आणि २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास, या सवलतींनी कुटुंबाचा हिशेब पुष्कळ हलका केला. आमच्या एका सोबत्याच्या मातोश्रींनी नाशिकच्या पलीकडे जन्मात पाऊल टाकले नव्हते. त्या आता सुनेला बसचे वेळापत्रक सांगतात.

आता आमच्या त्या पहिल्या सहलीचा हिशेब ऐका. आम्ही लहान-मोठी मिळून चोवीस माणसे होतो. वर्गणी माणशी अडीचशे, जमा सहा हजार. एस.टी.ला गेले तीन हजार शंभर, जीपला बाराशे, किराण्याला नऊशे. शिल्लक आठशे रुपये. सहल संपवून रुपये उरले, हे आमच्या चळवळीत पहिल्यांदाच घडले असेल! सर्वांनी आमची पाठ थोपटली. आम्हीही ती थोपटून घेतली.

परंतु त्या हिशेबात एक ओळ नव्हती. ती सांगण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

भाद्रपदाचे दिवस होते. दाभोशाहून परतताना पावसाने झोडपले, बरोबरचे डबे भिजले, मुले भुकेने रडू लागली. आम्ही एका पाड्यावर आडोशाला शिरलो. एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला ओसरीवर घेतले, शेजारच्या दोन घरांत हाका मारल्या, आणि तासाभरात आमच्यापुढे नागलीच्या गरम भाकऱ्या, खुरासणीची चटणी आणि पातळ उडदाचे वरण आले. चोवीस माणसे जेवली. ती चव आम्ही विसरलेलो नाही. निघताना आम्ही पैसे पुढे केले. म्हातारी म्हणाली, "पावण्याकडून पैसं घेत्यात का, भाऊ?" आम्ही एकदा आग्रह केला, दुसऱ्यांदा केला, आणि तिसऱ्यांदा न करता नोटा खिशात ठेवल्या. खरे सांगायचे तर त्या खिशात ठेवताना बरेच वाटले.

त्याच हिवाळ्यात युनियनच्या कामासाठी आम्ही भिवंडी बाजूच्या एका वीटभट्टीवर गेलो. मजुरांच्या विटांची मोजणी कमी धरली जाते अशी तक्रार होती. एका झोपडीतून एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "दादा, वळखलं नाय का? आमच्याकडं जेवला व्हता." तो त्या म्हातारीचा मुलगा. बायको आणि लहान मूल घेऊन आला होता. दिवाळीच्या सुमाराला उचल घ्यायची, भट्टीवर यायचे, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढायचे आणि पावसाच्या तोंडी हिशेब होईल तेव्हा उरेल ते घेऊन परतायचे, हा त्यांचा वर्षाचा फेरा. आम्ही विचारले, आई कशी आहे? तो सहज म्हणाला, "बरी हाय. भादव्यात दाणं संपत्यात, नवी नागली येईस्तवर जरा वढ असती, येवढंच."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण परतताना आमचा हिशेब नव्याने सुरू झाला. आम्ही गेलो तो भाद्रपदच होता. चोवीस माणसांच्या भाकऱ्या म्हणजे त्या तीन घरांचे किती दिवसांचे पीठ? आमच्या वहीत शिल्लक दिसणारे आठशे रुपये मुळात शिल्लक नव्हतेच. ती म्हातारीची आमच्याकडे थकलेली बाकी होती. जन्मभर आम्ही मालकांना सांगत आलो की माल स्वस्त पडतो तो मजुराच्या पोटातून काढलेला असतो. तेच सूत्र आमच्या सहलीला लागू पडते, हे आम्हांला वीटभट्टीवर कळले.

बंधुभगिनींनो, आपण मौजेसाठी वर जातो तेव्हा त्याच रस्त्याने ती माणसे मजुरीसाठी खाली येत असतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. ते जव्हार आणि आपल्या सहलीचे जव्हार ही दोन गावे नव्हेत. मुंबईला पाणी पाजणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात उभे आहे. त्याच तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. आपण धबधबा पाहून "काय हे पाणी!" असे म्हणतो, तेव्हा हेही ध्यानात असावे.

मग काय, जाऊच नये? असे म्हणणारे मित्र आम्हांला भेटले. ते आम्हांला पटत नाही. न जाण्याने कोणाच्या चुलीवर भाकरी चढत नाही. शिवाय आमच्या सोबत्याचा रविवार हा त्याचा हक्क आहे, त्यावर आम्ही अपराधाचा दगड ठेवणार नाही. जावे, पण हिशेबाची ओळ कोरी ठेवू नये.

दुसऱ्या वर्षी आम्ही ते आठशे रुपये घेऊन त्या पाड्यावर गेलो. म्हातारीने ते घेतले नाहीत. तोड काढली ती आमच्या घरच्या स्त्रियांनी. त्या म्हणाल्या, जेवणाचे पैसे ती घेणार नाही, पण रांधण्याची मजुरी घेईल. तेव्हापासून आमचा रिवाज असा आहे. माणसे किती येणार ते आठ दिवस आधी कळवायचे. तांदूळ, नागली, डाळ, तेल यांचा शिधा आधी पोचवायचा आणि तो थोडा जास्तच द्यायचा. तीन घरच्या बायका रांधतील, त्यांची मजुरी आधी ठरवायची, ती शहरातल्या आचाऱ्याहून कमी नसावी. पंक्तीत त्यांनाही बसवायचे. एवढे करूनही सहल हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, हे आम्ही वह्या दाखवून सिद्ध करू शकतो.

बाजाराचेही तसेच. पहिल्या पावसात जव्हारच्या बाजारात बायका शेवळाच्या जुड्या आणि सोबत काकडांची फळे घेऊन बसतात. काकडे घातल्यावाचून शेवळे खाजतात, हे ज्ञान त्या भाजीबरोबर फुकट देतात. करटोली असतात, बांबूचे कोंब असतात. मोगऱ्याच्या कळ्या असतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आमचाच सोबती पाहिला आणि आम्ही त्याला तेथेच विचारले, परवा किमान वेतनाच्या मोर्चात घोषणा कोण देत होता? तो ओशाळला. जुडी घेतली आणि बाईने सांगितला तो भाव दिला.

म्हातारी आता नाही. तिचा नातू गेल्या वर्षी आमच्याबरोबर राजवाड्यापर्यंत आला आणि आमच्या मुलांना झाडांची नावे सांगत होता. आमची मुले त्याला लोकलची स्थानके पाठ म्हणून दाखवीत होती. त्याचा बाप मात्र अजून दिवाळीनंतर भट्टीवर जातो. आमच्या वर्षातल्या एका सहलीने ते थांबलेले नाही, आणि थांबेल असा आव आम्ही आणीत नाही. त्यासाठी संघटना लागेल, उचलीचा जाच मोडावा लागेल, पाड्यावर पाणी आणि काम न्यावे लागेल. त्या कामात आम्ही आहोत. सहलीने एवढेच होते की भट्टीवर एखादा मजूर पुढे आला तर तो आम्हांला परका वाटत नाही आणि आम्ही त्याला परके वाटत नाही. संघटनेची सुरुवात याहून वेगळी होत असल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आपल्या घरोघरी चालू असतील. जव्हार-मोखाड्याला अवश्य जा. मुलांना न्या, आईवडिलांना न्या, शेजाऱ्यांना न्या. परत आल्यावर हिशेबाची वही उघडा आणि शिल्लक दिसली तर एकदा स्वतःला विचारा, ही कोणाची? उत्तर मिळाले की ती पोचती करा.