नियतकालिकाचे यश आणि वर्गणीचा हिशेब

(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



तालुक्यातील शिक्षकांनी मिळून एखादे मासिक चालवावे, अशी कल्पना आपल्यापैकी काही उत्साही मंडळींनी मांडली आहे. त्या निमित्ताने, नियतकालिक नावारूपाला कसे येते आणि स्वतःच्या पायांवर कसे उभे राहते, या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. कल्पना चांगली आहे यात संशय नाही. परंतु अशा मासिकाचा पहिला अंक थाटात निघतो, दुसरा उशिरा निघतो आणि तिसरा निघतच नाही, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. तेव्हा पहिल्या अंकाच्या प्रकाशनापेक्षा तेराव्या अंकाची चिंता आज करावी, असे मला वाटते.

मराठी नियतकालिकांचा आणि शिक्षकी पेशाचा संबंध फार जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक होते, आणि पुढे त्यांनी शाळा तपासण्याचेही काम केले. 'दर्पणा'त एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. हेतू उदात्त होता, संपादकाची विद्वत्ता असामान्य होती, तरीही १८४० साली ते पत्र बंद झाले. ज्या समाजासाठी ते निघाले, त्यात अक्षरओळख असलेले लोकच मोजके होते, आणि त्यांतून पत्र विकत घेऊन वाचण्याची सवय असलेले त्याहूनही थोडे. वाचक अजून घडावयाचा होता. तो घडविण्याचे काम पुढील पन्नास वर्षांत शाळांनी केले, हे आपण विसरता कामा नये.

त्या घडलेल्या वाचकाचे पहिले मोठे पीक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हाती लागले. शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढले. त्यातला जवळजवळ सर्व मजकूर ते एकटेच लिहीत. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली, आणि १८८२ च्या मार्चमध्ये वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ते वारले. शाळा काय, वृत्तपत्रे काय, या उद्योगांना लागणारा लौकिक 'निबंधमाले'ने आधीच मिळवून ठेवला होता.

'निबंधमाला' इतकी का वाचली गेली? शास्त्रीबोवांनी वाचक नेमका ओळखला होता. इंग्रजी शाळेत शिकलेला, स्वभाषेविषयी मनात न्यूनत्व बाळगणारा आणि त्या न्यूनत्वाची लाज वाटणारा तरुण त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याला जे ऐकावयाचे होते, पण कोणी स्पष्ट सांगत नव्हते, ते त्यांनी ठाशीव भाषेत सांगितले. मालेचा आरंभच मराठी भाषेच्या स्थितीच्या चर्चेने झाला.

मात्र येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्याच लेखणीने जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांची आणि त्यांच्या भाषेची जी टवाळी केली, ती त्या वाचकवर्गाला रुचली, आणि रुचली म्हणून वाढली. टवाळीने वाचक लवकर गोळा होतात, हे मान्य. परंतु मग लेखकाला रोज नवा शत्रू शोधावा लागतो. ज्या जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, त्यांच्या व्याकरणाच्या चुका मोजण्यात एका प्रतिभावान शिक्षकाने आपली शक्ती खर्ची घालावी, याचा खेद आज शिक्षकालाच अधिक वाटला पाहिजे. आपल्या मासिकात असे एखादे खमंग सदर सुरू करण्याचा मोह होईल. शेजारच्या केंद्रावर, एखाद्या सहकाऱ्यावर कोपरखळ्या मारणारे. त्या अंकाच्या प्रती हातोहात खपतील, हेही खरे. पण तो खप खप म्हणून धरू नये.

जोतीरावांच्या बाजूचे पत्र म्हणजे 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ च्या आरंभी पुण्यात काढले. शेतकरी आणि श्रमिक यांची बाजू मांडणारे ते पत्र. त्याचा खरा वाचक निरक्षर आणि कर्जात बुडालेला. तीन वर्षांत भालेकरांना ते चालविणे अशक्य झाले. मग नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. मुंबईत गिरण्या होत्या, गिरणीत रोजंदारीचे पैसे मिळविणारा माणूस होता, आणि चाळीत एकाने वाचावे व दहांनी ऐकावे अशी सोय होती. तेथे त्याला दुसरा जन्म मिळाला.

यावरून, जे पत्र पैसा मिळवीत नाही ते फसले, असा अर्थ कोणी काढू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. ते पत्र १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत, आणि १९२९ मध्ये तेही थांबले. १९३० मध्ये 'जनता' निघाले, ते १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. ज्यांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता, त्यांच्याकडून वर्गणी वेळेवर येईल ही अपेक्षाच अन्यायाची होती. त्या पत्रांची तूट हा त्यांच्या संपादकाचा दोष नव्हे. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या वाचकाला दरमहा वेतन मिळते. आपले मासिक तोट्यात गेले तर दारिद्र्याचे कारण आपणांस सांगता येणार नाही.

आता ज्यांनी व्यवहार साधला त्यांच्याकडे वळू. काशिनाथ रघुनाथ आजगावकर, म्हणजे का. र. मित्र, यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. आज शेकड्यांनी निघणाऱ्या दिवाळी अंकांचा तो मूळपुरुष मानला जातो. मित्रांची व्यवहारदृष्टी पाहा. दिवाळीत घरोघर खरेदी होते, माणसे सुटीवर घरी असतात, वाचावयास सवड असते. त्याच दिवसांत व्यापाऱ्यालाही आपला माल लोकांपुढे मांडावयाचा असतो. वाचकाची सवड आणि जाहिरातदाराची निकड एका अंकात गाठली, की अंकाचा बराच भार जाहिराती उचलतात. दिवाळी अंकांचे अर्थकारण आजही याच पायावर उभे आहे.

त्याहूनही आपल्या परिस्थितीला जवळचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. औंध संस्थानातील कुंडल रेल्वे स्टेशनजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना नेला. तेथे लोखंडी नांगर होत. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' काढली. प्रारंभी ते कारखान्याचे पत्रक होते: कारखान्याची वार्ता, मालाची माहिती. शंकरराव मूळचे चित्रकार, त्यामुळे अंक डोळ्यांना गोड दिसे. परंतु नुसत्या नांगराच्या माहितीने माणूस पुढल्या महिन्याची वाट पाहत नाही. तेव्हा त्यात उद्योगाच्या कथा आल्या, विचारप्रवर्तक लेख आले, गोष्टी आल्या, व्यंग्यचित्रे आली. पुढे 'खबर' हा शब्द गळून ते नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' अशी भावंडे त्याला लाभली. मुंबई-पुण्यापासून दूर, एका आडगावच्या वसाहतीतून ही मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. तेव्हा 'आम्ही खेड्यात, आमचे कोण वाचणार' ही सबब निदान सातारा-सांगलीकडच्या माणसाने तरी सांगू नये. एका मासिकाने सर्वांना सर्व काही देण्याऐवजी निराळ्या वाचकाला निराळे मासिक, हा शंकररावांचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

आता आपला हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. छापखान्याचा दर प्रत्यक्ष विचारून ते बदलून घ्यावेत. समजा, जुळणी, मांडणी आणि यंत्र लावणे यांचा खर्च दर अंकाला ३००० रुपये येतो. प्रती शंभर काढा की पाचशे, तो तेवढाच. कागद, शाई व बांधणी मिळून प्रत्येक प्रतीला १० रुपये. तर १०० प्रती काढल्यास एकूण खर्च ४००० आणि एक प्रत ४० रुपयांना पडते. २०० काढल्यास २५ रुपयांना आणि ३०० काढल्यास २० रुपयांना. अंकाची किंमत २५ रुपये ठेवली, तर दोनशे प्रतींवर तोंडमिळवणी होते आणि तीनशेंवर दर अंकास १५०० रुपये शिल्लक राहते.

कागदावर हे सुंदर दिसते. परंतु त्या तीनशेंपैकी साठ प्रती सन्माननीय पाहुण्यांना, माजी पदाधिकाऱ्यांना आणि 'आपल्याच माणसांना' भेट गेल्या, तर खर्च ६००० आणि उत्पन्न २४० गुणिले २५, म्हणजेही ६०००. शिल्लक शून्य. मासिके शत्रूंनी मारल्याचे मी फारसे ऐकले नाही. भेट अंक मागणाऱ्या मित्रांनी मारलेली मात्र पुष्कळ असतील. जुन्या मासिकांची पाने चाळली तर थकलेली वर्गणी पाठविण्याविषयीच्या विनवण्या जागोजागी आढळतात. म्हणून वर्षाची वर्गणी आगाऊ घ्यावी. सुट्टी सोडून दहा अंक धरले तर २५० रुपये. मुख्याध्यापकांनीही ती द्यावी आणि संपादकांनीही द्यावी. मूल्य घेण्यात शिक्षकाला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. परंतु फुकट आलेल्या अंकाबद्दल वाचक तक्रारसुद्धा करीत नाही, आणि ज्याच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही असे मासिक सुधारणार कसे?

आज मजकूर फुकट पोचविणारे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, मग कोणी पैसे का द्यावेत, असा प्रश्न कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. सुविचार, शुभेच्छा आणि परिपत्रकांच्या नकला यांसाठी कोणीही देणार नाही. पण आपल्या तालुक्याखेरीज दुसरीकडे मिळणार नाही असे पुष्कळ काही आपल्यापाशी आहे. गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मुलांनी महिन्याच्या महिन्याला मोजून लिहिली, तर दोन वर्षांत ती नोंद शेतकरी मागून नेईल. शेतांची जुनी नावे, वाऱ्यांची नावे, जात्यावरच्या ओव्या, कुंभार-लोहारांच्या हत्यारांचे शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर चालले आहेत. पहिलीच्या वर्गात घरी निराळी बोली बोलणारे मूल आले असता एखाद्या बाईंनी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे त्यांनीच लिहिलेले दोन पानांचे टिपण दुसऱ्या शिक्षकाला दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडेल. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी आपल्या परिसरातली उदाहरणे घेऊन रचलेली गणिते असली, तर पालकही अंक विकत घेतील.

छापण्याची घाई मात्र करू नये. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते आजही चालू आहे. त्या साप्ताहिकाच्या आधी कित्येक वर्षे, मोजक्या मुलांनी सकाळी उठून वाचावे म्हणून लिहिण्याची शिस्त होती. आपणही सहा महिने हस्तलिखित अंक केंद्रशाळेच्या भिंतीवर लावून पाहावा. जे पान वाचावयास माणसे उभी राहतात ते ठेवावे, ज्याच्यापुढून सरळ निघून जातात ते काढावे. सहाही अंक ठरलेल्या तारखेस लागले, तरच छापखान्याची पायरी चढावी.

दोन कामे आधी उरकावी लागतील. आपण जिल्हा परिषदेचे सेवक आहोत. तेव्हा वर्तणुकीचे नियम पाहून लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, आणि शिल्लक कोणा व्यक्तीच्या नव्हे तर संघाच्या खात्यात जावी. दुसरे, नियतकालिकांच्या नोंदणीसंबंधीचा १८६७ चा जुना कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२३ चा कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. त्याखालील नोंदणी विक्रीचा अंक काढण्यापूर्वी करावी. जमाखर्च एकाने लिहावा आणि दुसऱ्याने तपासावा, व तो दर सहा महिन्यांनी अंकातच छापावा. वर्गणीदाराला ते पान कवितेइतकेच वाचनीय वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

छापखान्याच्या दरांविषयी आणि परवानगीच्या अर्जाविषयी कोणास शंका असल्यास त्यांनी आता विचाराव्यात.